अमेरिकेत एमएससाठी एलओआर: कोणाकडे मागायचं, कसं मागायचं, सोबत काय द्यायचं

अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांना एमएसच्या, म्हणजे पदव्युत्तर पदवीच्या, अर्जासोबत तीन शिफारसपत्रं (लेटर ऑफ रेकमेंडेशन, म्हणजेच एलओआर) लागतात, काही ठिकाणी दोनवर भागतं. फॉलच्या, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरच्या प्रवेशासाठी बऱ्याच अर्जांची मुदत १ डिसेंबर ते मध्य-जानेवारी या काळात संपते. मार्कशीट, एसओपी (आपलं उद्दिष्ट सांगणारा निबंध), टोफेल किंवा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण हे सगळं तुमचं तुम्हाला जमवता येतं. एलओआर मात्र दुसऱ्याने त्याच्या सवडीने लिहायचं असतं. मी महाविद्यालयात शिकवते, दर हिवाळ्यात ही पत्रं लिहिते. चांगल्या मुलांची पत्रं गुळमुळीत होताना पाहिली की जीव तुटतो. बहुतेक वेळा त्याचं कारण एकच असतं: लिहिणाऱ्याच्या हातात सांगण्याजोगं काहीच दिलेलं नसतं.

पत्र कोण देऊ शकतं?

ज्यांनी तुम्हाला वर्गात शिकवलं, तुमच्या प्रोजेक्टचे जे गाइड होते किंवा इंटर्नशिपमध्ये, नोकरीत ज्यांनी तुमचं काम रोज पाहिलं, असे कोणीही. नुकतीच पदवी घेतली असेल तर किमान दोन पत्रं शिक्षकांची असावीत. दोन-तीन वर्षं नोकरी झाली असेल तर एक पत्र मॅनेजरचं जरूर घ्या. नातेवाईक, मित्र आणि क्लासचे सर यांचं पत्र देऊ नका.

प्राचार्यांची किंवा एचओडींची (विभागप्रमुखांची) सही म्हणजे वजन, असं घरी सगळ्यांना वाटतं. पण ज्यांनी तुम्हाला कधी शिकवलंच नाही ते ‘हुशार, कष्टाळू आणि शिस्तप्रिय’ यापलीकडे काय लिहिणार? वर्षभर प्रोजेक्टसाठी तुमच्यासोबत बसलेल्या सहायक प्राध्यापकांचं पत्र त्याहून कितीतरी उपयोगी.

आपल्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणारे शिक्षक बरेचदा मुलांना सगळ्यांत जवळून ओळखतात, पण त्यांच्याकडे महाविद्यालयाचा ईमेल नसतो आणि लेटरहेड वापरायची परवानगी मागावी लागते. त्यांचं पत्र हवं असेल तर आधी विभागप्रमुखांशी बोला. अर्जात त्यांचं पद आहे तसंच लिहा, वाढवून लिहू नका.

अर्जाच्या पोर्टलवर काय होतं?

तुम्ही शिफारस करणाऱ्यांचं नाव, पदनाम, संस्था आणि ईमेल भरता. त्या ईमेलवर विद्यापीठाकडून लिंक जाते. ती उघडून शिक्षक एक फॉर्म भरतात. त्यात ‘वर्गातल्या पहिल्या ५ टक्क्यांत, १० टक्क्यांत, २५ टक्क्यांत’ असे रकाने असलेल्या तक्त्यात खुणा करायच्या असतात. मग लेटरहेडवरचं सही केलेलं पत्र पीडीएफ करून अपलोड करतात. काही पोर्टलवर नाव सेव्ह करताच लिंक जाते, काहींवर तुम्ही अर्ज सबमिट केल्यावर. म्हणून होकार मिळाल्याशिवाय कोणाचंही नाव भरू नका. न विचारता आलेली लिंक शिक्षकाला खटकते, आणि ती नेमकी स्पॅममध्ये जाऊन पडते हेही ठरलेलंच.

तिथेच एक प्रश्न येतो: पत्र पाहण्याचा हक्क तुम्ही सोडता का? अमेरिकेतल्या १९७४ च्या फर्पा कायद्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला स्वतःची शैक्षणिक कागदपत्रं पाहता येतात, त्यावरून हा प्रश्न आहे. हक्क सोडत असल्याचं निवडा. लिहिणारा मोकळेपणाने लिहितो आणि वाचणाराही पत्रावर जास्त विश्वास ठेवतो.

विचारायचं कसं?

मुदतीच्या किमान सहा आठवडे आधी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दिवाळीची सुट्टी, विद्यापीठाच्या परीक्षा आणि पेपर तपासणी एकात एक येतात, त्यामुळे सप्टेंबरमध्येच बोलून ठेवा. शक्य असेल तर प्रत्यक्ष भेटा, नाहीतर मेल करा. व्हॉट्सॲपवर नुसतं ‘सर एलओआर हवं होतं’ असं टाकू नका. मजकूर साधारण असा असू द्या:

“नमस्कार मॅडम. मी २०२४ च्या बॅचचा, तिसऱ्या वर्षी आपण आम्हाला डेटाबेस शिकवलात. ग्रंथालयाच्या नोंदींवरचा माझा मिनी प्रोजेक्ट आपल्याकडेच होता. मी अमेरिकेत एमएससाठी सहा विद्यापीठांत अर्ज करतो आहे, पहिली मुदत १५ डिसेंबर आहे. माझ्या कामाबद्दल आपण खात्रीने लिहू शकाल असं वाटत असेल तर शिफारसपत्र द्याल का? नसेल तर तसं सांगितलंत तरी चालेल.”

शेवटचं वाक्य गाळू नका. त्याने शिक्षकाला नाही म्हणायची वाट राहते, आणि नाखुशीने लिहिलेलं पत्र तुमचं नुकसानच करतं.

होकार आला की एकाच मेलमध्ये सगळं पाठवा: बायोडेटा, सर्व सेमिस्टरच्या मार्कशीट, एसओपीचा कच्चा मसुदा आणि विद्यापीठ, अभ्यासक्रम, मुदत असा एका पानाचा तक्ता. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, एका पानावर आठवणीचे मुद्दे. ‘प्रोजेक्ट चांगला झाला’ हे नको. ‘एकाच पुस्तकाच्या दोन नोंदी होत होत्या, तेव्हा मी टेबलांची रचना बदलली, पुन्हा तपासलं, आणि व्हायवात आपण विचारलेल्या प्रश्नावर हे उत्तर दिलं’ असं लिहा. एवढ्या एका प्रसंगावर चांगला परिच्छेद उभा राहतो. काही महाविद्यालयांत लेटरहेडसाठी ऑफिसात वेगळा अर्ज आणि मार्कशीटच्या झेरॉक्स द्याव्या लागतात, जावक क्रमांक पडायला दिवस जातात. तेही आधीच विचारून घ्या.

“तूच लिहून आण, मी सही करतो”

हे आपल्याकडे सर्रास चालतं. शिक्षकांवर कामाचा बोजा आहे हे खरं, तरीही विद्यापीठाला पत्र तुमच्याविषयी दुसऱ्याचं मत म्हणून हवं असतं. त्यातून तिन्ही पत्रं एकाच हातची असली की भाषा, विशेषणं, परिच्छेदांची लांबी सगळं सारखं दिसतं आणि वाचणाऱ्याच्या लक्षात येतं. असं कोणी म्हणालं तर वाद घालू नका. “सर, मी मुद्दे सविस्तर लिहून देतो, मत तुमच्या शब्दांत असू द्या,” असं म्हणा आणि ते पान पुढे करा. आम्हा बहुतेकांना तेवढं पुरतं. तरी जमत नसेल तर दुसरे शिक्षक शोधा.

शिक्षकाच्या नावाने जीमेल खातं काढून स्वतःच पत्र अपलोड करणं, किंवा कन्सल्टन्सीला ते करू देणं, ही सरळ फसवणूक आहे. विद्यापीठं संस्थेच्या ईमेलवर खातरजमा करू शकतात, आणि प्रवेश मिळाल्यानंतरही तो रद्द होऊ शकतो. कोणी कितीही ‘सगळेच करतात’ म्हटलं तरी त्या वाटेला जाऊ नका.

मुदतीच्या दहा दिवस आधी एक नम्र आठवण करा, तीन दिवस आधी दुसरी. पोर्टलवरूनही लिंक पुन्हा पाठवता येते. वेळेचा हिशेब नीट करा: १५ डिसेंबरला रात्री ११:५९, न्यूयॉर्कची वेळ, म्हणजे आपल्याकडे १६ डिसेंबरची सकाळ, १०:२९. शिक्षकांना मात्र १३ तारीखच सांगा. काही विद्यापीठं अर्ज वेळेत आला असेल तर पत्रासाठी थोडे दिवस थांबतात, पण ते त्यांच्या प्रवेशाच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं असेल तरच धरून चाला.