वायर जाड हवी की महाग?

सोलापूरच्या नवी पेठेत स्पीकरची वायर मागितली की दुकानदार विचारतो, "चौदा शहात्तर देऊ की चाळीस शहात्तर?" यातले ७६ म्हणजे एकेका तारेचा व्यास, ०.००७६ इंच किंवा ०.१९३ मिमी. आधीचा आकडा तारा किती ते सांगतो. हिशेब केला तर १४/७६ मध्ये तांबं भरतं ०.४१ चौरस मिमी, ४०/७६ मध्ये १.१७ आणि ७०/७६ मध्ये २.०५. वायरीने आवाज बदलू शकतो, पण जो काही बदलतो तो जवळजवळ सगळा या क्षेत्रफळाने आणि लांबीने.

स्पीकरच्या मागे '८ ओम' छापलेलं असलं, तरी प्रत्येक सुराला तो ८ ओम नसतो. साध्या टू-वे बॉक्सचा (खर्जाला मोठा वूफर, वरच्या सुरांना छोटा ट्वीटर) इंपीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, काही सुरांना ६ ओमपर्यंत उतरतो आणि खर्जात, वूफरच्या रेझोनन्सपाशी (ज्या सुराला त्याचा पडदा आपसूक जोरात हलतो), ३० ओमपर्यंतही चढतो. वायरीचा रोध मात्र सगळीकडे तेवढाच. म्हणून इंपीडन्स कमी असेल तिथे वायर व्होल्टेजचा मोठा वाटा खाते, जास्त असेल तिथे थोडा. १४/७६ ची १० मीटर लांब जोडी घ्या. जाऊन-येऊन २० मीटर तांबं, रोध साधारण ०.८५ ओम. ६ ओमपाशी पातळी १.१५ डेसिबलने पडते, ३० ओमपाशी जेमतेम ०.२५ ने. समतोल ०.९ डेसिबलने बिघडला, डग्ग्याचा घुमारा उगाच फुगला. लक्ष देऊन ऐकणाऱ्याला हे कळतं. त्याच जागी ७०/७६ टाकली की फरक ०.२ डेसिबलवर येतो. गाणं चालू असताना तो ओळखणं फार अवघड.

ठोकताळा असा: वायरीचा जाऊन-येऊन रोध स्पीकरच्या ओमच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवायचा. ८ ओमला ०.४ ओम. म्हणजे १४/७६ साडेचार मीटरपर्यंत चालते, ४०/७६ तेरा मीटरपर्यंत, ७०/७६ तेवीस मीटरपर्यंत. स्पीकर ४ ओमचा असेल तर हे अंतर निम्मं धरा.

हे आकडे खऱ्या तांब्याचे. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायरही भरपूर मिळते. तिचा रोध दीडपटीच्या आसपास असतो आणि वेटोळं हातात घेतलं की हलकं लागतं. एक तार ब्लेडने खरवडून बघा: आत पांढरं निघालं तर ॲल्युमिनियम. उलट वरून पांढरी आणि आतून लाल असेल तर ते कल्हई केलेलं तांबं, त्याला नाव ठेवायचं कारण नाही. तारा मोजायलाही लाजू नका, चाळीसच्या जागी बत्तीस निघू शकतात. मीटरने रोध मोजायचा तर वायरीची लांबची दोन टोकं एकत्र पिळा, आधी मीटरचे प्रोब एकमेकांना लावून येणारा आकडा लिहून घ्या आणि तो वजा करा. नाहीतर प्रोबचाच ०.२-०.३ ओम रोध वायरीच्या माथी बसतो.

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४४-४५ वर गेला की तांब्याचा रोध २० अंशांच्या मानाने दहाएक टक्क्यांनी वाढतो. दहा मीटर ७०/७६ च्या ०.१७ ओमचे ०.१९ झाले, विषय संपला. पण स्पीकरच्या आतली, पडदा हलवणारी व्हॉइस कॉइलही बहुधा तांब्याचीच असते, आणि मोठ्या आवाजात ती १२० अंशांपर्यंत तापली तर तिचे ६ ओम ८.३ होतात. वायरीत ओमचा शंभरावा भाग धुंडाळणाऱ्यांनी या २.३ ओमकडेही एकदा बघावं.

'स्किन इफेक्ट'चं नाव जाहिरातीत हमखास येतं. म्हणजे वरच्या सुरांना वीज तारेच्या बाहेरच्या थरातूनच जास्त वाहते. २० किलोहर्ट्झला तांब्यात या थराची खोली सुमारे ०.४७ मिमी असते, त्यामुळे घरगुती जाडीच्या वायरीत फरक नगण्य. ५ मीटरच्या साध्या जोडवायरीचं इंडक्टन्स (सूर चढेल तसा वाढणारा अडथळा) ३ मायक्रोहेन्रीच्या आसपास. त्याने २० किलोहर्ट्झला ८ ओमवर घट होते ०.०१ डेसिबल. दोन्ही बाजूंची लांबी अगदी सारखी हवी हाही हट्टच. ३ मीटरच्या फरकाने विजेला १५ नॅनोसेकंद उशीर होतो, तेवढ्यात ध्वनी ०.००५ मिमी सरकतो. उलट काही महागड्या विणलेल्या केबलचं कपॅसिटन्स (दोन तारांमध्ये वीज साठण्याचा गुण) इतकं जास्त असतं की एखादा ॲम्प्लिफायर ऑसिलेट होऊन, म्हणजे गाण्याशिवाय आपलाआपणच कंप पावून, तापतो.

खरी गडबड टोकांना होते. १०-१२ मिमी सोला, तारा घट्ट पिळा. एक जरी सुटून शेजारच्या टर्मिनलला टेकली तर ॲम्प्लिफायर स्वतःला वाचवायला बंद होऊन प्रोटेक्शनला जातो, आणि प्रोटेक्शन नसेल तर आउटपुट ट्रान्झिस्टर. स्क्रूखाली येणाऱ्या टोकाला डाख देऊ नका, दाबाखाली तो हळूहळू पसरतो आणि जोड ढिला पडतो. पारदर्शक वायर आतून हिरवी पडली असेल तर टोक इंचभर कापून नव्याने सोला. एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे झाले तर खर्ज गायब होतो आणि गाणाऱ्याचा आवाज मधोमध उभा राहत नाही. वायर ॲम्प्लिफायरपासून काढून दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा: प्लसला प्लस लागलं असेल तर वूफरचा पडदा बाहेर येतो.

तरीही नवी केबल 'उघडी' वाजते असं वाटत असेल तर डोळ्यांआड तपासा. स्पीकरच्या टर्मिनलवर मीटर लावून दोन्ही केबलची पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवा, कारण किंचित मोठा आवाज कानाला आपोआप चांगला वाटतो. बदलणारा आणि ऐकणारा वेगळा हवा. १६ पैकी १२ वेळा बरोबर ओळखलं तर दखल घ्यावी; नुसत्या अंदाजाने तेवढं जमण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी. २००७ मध्ये चमत्कारांचे दावे तपासणारे जादूगार जेम्स रँडी यांनी ७,२५० डॉलरच्या केबलजोडीचा फरक असा ओळखून दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ केले होते. ती चाचणी झालीच नाही.

शहाबादी फरशी, वर स्लॅब, चारी भिंती उघड्या अशा खोलीत पैसे वाचवून दुसरीकडे लावावेत. १२ फूट लांब खोली ४७ हर्ट्झला घुमते, आणि बसायची जागा बदलली की त्या सुराची पातळी १० डेसिबलनेही बदलू शकते. स्पीकर कोपऱ्यातून दीडएक फूट बाहेर ओढा. समोरच्या भिंतीवर सोलापुरी चादर टांगायची तर चुण्या पाडून, भिंतीपासून ५-१० सेंमी पुढे टांगा. झांजेची किणकिण आवरेल, खर्जाला मात्र तिचा काही उपयोग नाही.