पीक बुडालेल्या घरी कोणतं स्तोत्र वाचावं?

आमच्या विदर्भात खेड्यापाड्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये एक रीत पडून गेली आहे. पराटी (कपाशी) बोंडअळीनं खाल्ली किंवा सोयाबीन येलो मोझॅक रोगानं गेलं, की त्या घरी प्रार्थनासभा ठेवतात आणि बायबलातल्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र 51 हमखास उघडतात. ‘हे देवा, माझ्यावर कृपा कर’ म्हणताना सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी येतं. मला मात्र ते खटकतं. ते स्तोत्र नुकसान झालेल्या माणसाचं नाही, नुकसान केलेल्याचं आहे.

त्याचं शीर्षकच वाचा. दावीद राजा बथशेबेपाशी गेल्यावर नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला, तेव्हाची ही प्रार्थना. तिच्या नवऱ्याला, उरीयाला, दाविदानं लढाईत पुढं धाडून मारवलं होतं. म्हणून इथं शत्रूची तक्रार नाही, देवाला ‘का?’ असा सवालही नाही. मला धुऊन काढ, शुद्ध हृदय दे, हेच मागणं. हे पश्चात्तापाचं स्तोत्र. अशी सात स्तोत्रं मंडळीनं सहाव्या शतकापासून एकत्र धरली आहेत: 6, 32, 38, 51, 102, 130 आणि 143.

विलापाच्या स्तोत्राची चालच निराळी. स्तोत्र 13 अवघ्या सहा ओवींचं. आधी ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा, मग मागणं, शेवटी भरवसा. पापाचा उल्लेखही नाही. स्तोत्र 44 त्याहून धीट. तिथं अख्खा समाज बोलतो: आम्ही हरलो, लुटले गेलो, शेजारीपाजारी हसतात, एवढं होऊनही आम्ही तुला विसरलो नाही, तुझा करार मोडला नाही. आणि पुढं देवालाच, ‘जागा हो, का झोपलास?’ आपल्याकडे कुणी प्रार्थनेत असं बोललं तर वडीलधारे दटावतील! पण प्रेषित पौलानं याच स्तोत्रातली ओळ नव्या करारातल्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात घेतली, तीही ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला कोण वेगळं करील, हे सांगताना.

सरमिसळही आहेच. स्तोत्र 38 मध्ये दुखणं आहे आणि कबुलीही. उलट 6 त्या सातांत असूनही त्यात पापाची उघड कबुली सापडत नाही. यादी पाहून निवडू नये, स्तोत्र पुरतं वाचावं.

ख्रिस्ती माणसाला तर एवढं पुरे व्हावं: येशूनं वधस्तंभावर ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे स्तोत्र 22 चे शब्द उच्चारले. तो निष्पाप होता. मग आक्रोश हा पापाचा पुरावा कसा? जन्मांधाला पाहून ‘पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं?’ असं शिष्यांनी विचारलं, तेव्हा ‘दोघांचंही नाही’ हेच उत्तर मिळालं. आमच्या गावात हा प्रश्न अजून चावडीवर विचारतात, फक्त आंधळ्याच्या जागी कर्जबाजारी कास्तकार असतो.

तेव्हा त्याच्या घरी 44 वाचा, ‘जागा हो’ ही ओळ न गाळता. 51 प्रभुभोजनाआधी, म्हणजे मंडळी भाकर नि द्राक्षारस घेते त्याआधी, आहेच; उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी आहे. आणि शेजाऱ्याचा धुरा (बांध) कोरून दोन तासं, म्हणजे नांगराच्या दोन ओळी, आपल्या वावरात घेतली असतील, तर त्याही दिवशी आहे, मग त्या साली पीक भरघोस का आलेलं असेना.