पोर्नोग्राफीविरोधी नागरी हक्क कायदा (अमेरिका)

पोर्नोग्राफीमुळे स्त्रीला इजा पोहोचली, तर ती तयार करणाऱ्यांवर आणि विकणाऱ्यांवर तिला स्वतः दिवाणी दावा लावता यावा, यासाठी अमेरिकेतील काही शहरांत १९८३ पासून पुढे आलेला कायदा. मसुदा कायदेपंडित कॅथरीन मॅकिनन आणि लेखिका अँड्रिया ड्वॉर्किन यांचा. तोवर अशा साहित्याचे खटले नीतिमत्तेच्या नावाखाली चालत. साहित्य कामुक आणि समाजाच्या मापाने असभ्य आहे का, त्याला काही गंभीर मोल आहे का, हेच पाहिले जाई. चित्रातल्या बाईचे काय झाले, हे कोणी विचारत नसे. या मसुद्याने ते विचारले, आणि त्याचे मोठेपण त्यातच आहे.

डिसेंबर १९८३ मध्ये मिनियापोलिसच्या नगर परिषदेपुढे जाहीर सुनावणी झाली. नवऱ्याने मासिकातली चित्रे दाखवून तसेच करायला भाग पाडले, असे बायकांनी भर सभेत सांगितले. ‘डीप थ्रोट’ (१९७२) या पोर्न चित्रपटातील नटी लिंडा मार्कियानो यांनी, आपल्याला मारझोड करून, धाकात ठेवून काम करायला लावले, अशी साक्ष दिली. परिषदेने कायदा संमत केला, पण महापौर डोनाल्ड फ्रेझर यांनी तो नाकारला. पुढल्या वर्षीही तेच घडले. १९८४ मध्ये इंडियानापोलिसने तो स्वीकारला. तिथे पुढाकार होता पुराणमतवादी रिपब्लिकनांचा, आणि अनेक स्त्रीवाद्यांच्या मनात पाल चुकचुकली ती यामुळेच.

‘फॅक्ट’ या सेन्सॉरशिपविरोधी गटातल्या स्त्रीवाद्यांनी न्यायालयात कायद्याविरुद्ध निवेदन दिले. त्यावर बेटी फ्रीडन, केट मिलेट, एड्रियन रिच यांच्या सह्या होत्या. स्त्रीला कामेच्छा असूच नये, तिला सदैव राखणदार हवा, हे जुनेच गृहीतक या कायद्यातून मागल्या दाराने परत येते, हा त्यांचा आक्षेप.

१९८५ मध्ये संघीय अपील न्यायालयाने इंडियानापोलिसचा कायदा रद्द केला. न्या. ईस्टरब्रुक यांचा तर्क मुळातून वाचावा असा आहे. हीन चित्रणामुळे स्त्रियांचे दुय्यमत्व टिकते, हे त्यांनी मान्य केले. मात्र यातून अभिव्यक्तीची ताकदच दिसते आणि कोणता दृष्टिकोन मांडावा हे सरकार ठरवू शकत नाही, असे ते म्हणाले. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुनावणी न घेताच हा निकाल कायम केला. इजा मान्य, पण दाद नाही, अशा पेचात त्या साक्षीदार बायका राहिल्या.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या बटलर निकालात मात्र इजेचा निकष उचलला, म्हणजे साहित्यातून स्त्रियांना इजा होते का, हे पाहिले. थोड्याच काळात टोरांटोतील ‘ग्लॅड डे’ या समलिंगी वाचकांच्या पुस्तकदुकानावर खटला झाला, तोही समलिंगी स्त्रियांनी स्वतःसाठी काढलेल्या मासिकावरून.

भारतात स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्ध १९८६ मध्येच कायदा झाला, पण तो फौजदारी वळणाचा. त्याच्या व्याख्येत स्त्रीच्या अवहेलनेबरोबर सार्वजनिक नीतिमत्ताही आहे. झडती, जप्ती, शिक्षा यांची तरतूद त्यात आहे. चित्रातल्या बाईला भरपाई मागण्याची नाही.