घरचा ऑक्सिजन सोडवणे (बालरुग्ण)

अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जडणाऱ्या दीर्घकालीन फुप्फुसविकारात (ब्राँकोपल्मनरी डिस्प्लेझिया, बीपीडी) घरी चालू ठेवलेला ऑक्सिजन डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करत बंद करणे. विकाराचे पहिले वर्णन विल्यम नॉर्थवे व सहकाऱ्यांनी १९६७ साली केले. फुप्फुसातील वायुकोश जन्मानंतर पहिली दोन-तीन वर्षे भराभर वाढतात. नाकातली ऑक्सिजनची नळी सुटते ती या वाढीच्या जोरावर. त्यामुळे वजनकाट्याला ऑक्सिमीटरइतकाच (रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण टक्क्यांत दाखवणारे यंत्र) मान. वजन अडले की ऑक्सिजनचा प्रवाह कमी करत नाहीत.

जागे, खेळते बाळ फसवते. दिवसा ९६ दाखवणारा आकडा गाढ झोपेत किंवा दूध पिताना घसरतो. म्हणून नळी बहुधा आधी दिवसाची सुटते, रात्रीची शेवटी, आणि तीही रात्रभराची नोंद साधारण ९२-९३ टक्क्यांच्या वर टिकली तरच. ऑक्सिमीटरची पट्टी पायाच्या पंजाला गुंडाळतात. पाय गार असला किंवा बाळाने झाडला की आकडा उगाच कोसळतो. आधी पाय ऊबदार करावा, यंत्रावरची नाडीची लाट स्थिर होऊ द्यावी, मग आकडा वाचावा. मात्र ओठ निळसर दिसले किंवा बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, तर आकड्याची वाट पाहू नये. फुप्फुसातील रक्तदाब वाढलेला नाही ना, हे इकोने (हृदयाच्या सोनोग्राफीने) तपासतात. बारशाच्या फोटोपुरती नळी काढण्याचा आग्रह घरोघरी होतो. तो मोडून काढलेलाच बरा.

सोलापुरात प्रश्न घराच्या हवेचाही आहे. पूर्व भागात अनेक बायका घरीच विड्या वळतात. तंबाखूचे सूप आणि बाळाची झोळी एकाच खोलीत. शेजारी यंत्रमाग असेल तर कापसाचे तूस आलेच. बाळाची जागा वेगळी केल्याशिवाय ऑक्सिजन कमी करणे अवघड जाते. ऑक्सिजनपाशी विडी, निरांजन, उदबत्ती, पेटती चूल यांपैकी काहीही नको. कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे यंत्र) विजेवर चालतो, म्हणून भरलेला सिलिंडर हाताशी लागतो.

सर्दी-खोकल्यात प्रवाह उतरवत नाहीत. नळी सुटली तरी भाड्याचे यंत्र लगेच परत करू नये, निदान तो हिवाळा सरेपर्यंत. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा ऐन जानेवारीत येते. त्या गर्दीतून घरी आलेली मोठ्या भावंडांची सर्दी बाळाला पुन्हा काही दिवस ऑक्सिजनवर आणू शकते.