पार्श्वभूमी : जहाज कुणाचं, झेंडा कुणाचा, खोली कुठली

मुंबईहून क्रूझला जायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो, 'कुठली कंपनी चांगली?' प्रश्न चुकीचा नाही, पण मुंबईपुरता बराचसा फोल आहे. मायामीच्या किंवा बार्सिलोनाच्या धक्क्याला एकाच दिवशी चार-पाच मोठी जहाजं लागतात, तिथे कंपन्या ताडून बघण्यात अर्थ असतो. मुंबईत देशी प्रवाशासाठी हंगामभर उभं असलेलं जहाज बहुतेक वर्षी एकच होतं, कधी तेही नव्हतं. म्हणून इथली तुलना फिरून फिरून तीन गोष्टींवर येते : किती रात्री, कुठली बंदरं आणि कुठली खोली. असं का झालं याचं उत्तर जहाजांत थोडं आणि जहाजांवरच्या झेंड्यांत जास्त आहे.

आगबोटीचा काळ इथे लांबवत नाही. ज्यांच्या घरात कुणी चाकरमानी होता त्यांनी हर्णे, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण ही बंदरांची माळ लहानपणीच ऐकली असेल. त्यातल्या दोनच गोष्टी आजच्या विषयाला लागू पडतात. एक म्हणजे वर्ग. खालचा डेक, वरचा डेक आणि मूठभर केबिनी. डेकच्या तिकिटावर नंबर नसायचा, वळकटी पसरली तेवढी जागा तुमची. खालच्या डेकवर इंजिनाची धग आणि तेलाचा वास, वर मोकळा वारा. खरं तर जहाज खाली आणि मधोमध सगळ्यात कमी हलतं, म्हणजे 'बोट लागायची' भीती खालच्यांना कमी. पण लाटेनं सोडलं तरी वासानं गाठायचं, हिशेब तोच. दुसरी गोष्ट हंगाम. मेअखेरीला बोट बंद, ती पाऊस सरल्यावर सुरू. १७ जुलै १९४७ रोजी भर पावसाळ्यात रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली, हे आठवणारी घरं अजून आहेत.

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात गोव्याची बोट थांबली. नव्वदच्या दशकात कॅटमरान, म्हणजे दुहेरी सांगाड्याची वेगवान बोट, येऊन गेली. २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागल्यावर समुद्रानं गावी जाण्याचं कारणच उरलं नाही. यापुढे बोटीत बसायचं ते बोटीसाठीच.

विलायतेच्या बोटींचा एक धागा मात्र सोडवत नाही, कारण 'पॉश एरिया', 'पॉश फ्लॅट' म्हणताना तो आपण रोज ओढतो. गोष्ट अशी सांगतात की इंग्लंडहून मुंबईला येताना जहाजाची डावी बाजू उत्तरेकडे, सावलीत राहायची आणि परतताना उजवी. म्हणून पैसेवाले 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' अशी खोली घ्यायचे, तिकिटावर त्याच्या आद्याक्षरांचा शिक्का बसायचा आणि त्यातून 'पॉश' शब्द आला. शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. व्युत्पत्ती म्हणून ती भाकडकथाच. पण वातानुकूलन नसलेल्या काळात खोलीची बाजू महाग-स्वस्त ठरवायची, हे खरं. आज तोच प्रश्न वेगळ्या कारणानं उभा राहतो. संध्याकाळी मुंबईहून दक्षिणेला निघालेल्या जहाजात सूर्यास्त उजव्या बाजूच्या खिडकीत दिसतो. डाव्या बाजूला किनारा असतो असं ऐकून लोक ती खोली मागतात, पण जहाज इतकं आत समुद्रात असतं की रात्रीचा कोकण किनारा दिसलाच तर लांबच्या चार दिव्यांपुरता.

विमानांनी प्रवासी पळवल्यावर साठ-सत्तरच्या दशकांत जुन्या बोटी सहलीच्या धंद्यात आल्या आणि पहिला, दुसरा, तिसरा वर्ग पुसला गेला. जेवणघर एक, डेक सगळ्यांचा, फरक फक्त खोलीचा. मग खोलीच विकायचा माल झाली. १९८४मध्ये 'रॉयल प्रिन्सेस' आली, तिच्यात आतली खोली एकही नव्हती, सगळ्या समुद्राच्या बाजूच्या. नव्वदच्या दशकात बाल्कन्या सर्रास झाल्या. आणि आता मोठ्या जहाजांवर स्वीट, म्हणजे सगळ्यात महागडी दालनं, घेणाऱ्यांचं जेवणघर वेगळं, पोहण्याचा तलाव वेगळा, चावीशिवाय दार उघडत नाही असा कोपरा वेगळा. वर्ग गेला होता तो केबिनच्या दारानं परत आला.

मुंबईच्या वाट्याला आलेली जहाजं या गोष्टीच्या मधल्या टप्प्यावरची आहेत, हे खोली निवडताना लक्षात ठेवायला हवं. २००५च्या सुमारास इथे मुक्काम ठोकून गोवा आणि लक्षद्वीपला जाणारं 'सुपरस्टार लिब्रा' १९८८चं. २०१९मध्ये गाजावाजा करत आलेलं 'कर्णिका' १९९०चं, मूळ नाव 'क्राउन प्रिन्सेस', इटलीत बांधलेलं, डॉल्फिनच्या डोक्यासारखा पुढचा घुमट एका नामवंत वास्तुविशारदानं आखलेला. कोविडनं कंपनी बुडाली आणि २०२०च्या अखेरीस ते जहाज अलंगच्या किनाऱ्यावर तुटायला गेलं. सप्टेंबर २०२१पासून धावणारं 'एम्प्रेस' हेही १९९०चंच, फ्रान्समध्ये बांधलेलं, तीन-चार नावं बदलून आलेलं. त्यात बाल्कन्या थोड्याच, आणि आतल्या खोल्या सव्वाशे चौरस फुटांच्या आसपास, काही त्याहून लहान. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेल्याला त्याचं काही वाटणार नाही, पण जाहिरातीतला फोटो भिंतीच्या कोपऱ्यातून रुंद भिंगानं काढलेला असतो. 'एम्प्रेस' चालवणाऱ्या इथल्या कंपनीनं आणखी दोन जहाजं भाडेकरारानं घ्यायचं जाहीर केलं आहे, ती १९९९ आणि २००१ची.

आता झेंड्याकडे येतो, कारण सगळा गुंता तिथे आहे.

एका देशाच्या दोन बंदरांमध्ये माल किंवा माणसं नेण्याचा हक्क त्याच देशाच्या जहाजांना राखून ठेवायचा, या जुन्या रिवाजाला कॅबोटाज म्हणतात. आपल्याकडे १९५८च्या नौवहन कायद्याच्या कलम ४०७नं तो बांधला : भारतीय नसलेल्या जहाजाला परवान्याशिवाय किनारी वाहतूक करता येणार नाही. कोळसा, सिमेंट, तेल यांच्यासाठी केलेला नियम. मुंबईत चढून गोव्यात उतरणारा, मधल्या वेळात तलावात पाय सोडून बसणारा प्रवासी त्यात अलगद सापडला.

अमेरिकेत हाच नियम प्रवाशांसाठी १८८६पासून आहे आणि तो अजून कायम आहे. सिएटलहून अलास्काला निघालेली जवळजवळ सगळीच जहाजं परदेशी झेंड्याची, म्हणून परतताना कॅनडातल्या, बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या व्हिक्टोरियाला थांबतात, पुष्कळदा संध्याकाळी उशिरा आणि तीन-चार तासांसाठी. तिकडे राहणारे आपले लोक आईवडिलांना अलास्का दाखवायला नेतात तेव्हा विचारतात, 'बागा मिटल्यावर कशाला पोचवतात इथे?' बागांसाठी नव्हेच ते, कायद्यासाठी. २०२१मध्ये कोविडमुळे कॅनडानं बंदरं मिटली तेव्हा अलास्काचा हंगाम वाचवायला वॉशिंग्टनला तात्पुरता वेगळा कायदा करावा लागला.

आपल्याकडे वाट वेगळी धरली. क्रूझपुरती परदेशी झेंड्याच्या जहाजांना सूट द्यायची, ठरावीक वर्षांसाठी, आणि मुदत संपत आली की वाढवायची. बाजूनं बोलणारे म्हणतात की भारतीय झेंड्याचं मोठं क्रूझ जहाज नव्हतंच, मग राखायचं कुणासाठी? जहाज आलं की टॅक्सीवाला, भाजीवाला, गाइड सगळ्यांचं चालतं. विरोधक म्हणतात की नव्हतं ते याच सवलतीमुळे. इथे नोंदणी करणाऱ्यानं इथले कर भरायचे, इथले नियम पाळायचे, आणि शेजारच्या धक्क्यावर दुसऱ्या झेंड्याखाली उभ्या असलेल्या जहाजाशी भाड्यात टक्कर द्यायची. मला दुसऱ्या म्हणण्यात जास्त तथ्य वाटतं, आणि लपवत नाही. तात्पुरती म्हणून दिलेली सवलत घरजावयासारखी बसली, आणि परदेशी जहाज मात्र पाहुण्यासारखंच राहिलं : हिवाळ्यापुरतं यायचं, भाव कुठे बरा मिळतो बघून निघून जायचं. २०२३च्या नोव्हेंबरात 'कोस्टा सेरेना' असंच काही महिन्यांसाठी आलं. मुंबई, कोची, लक्षद्वीप असे फेरे मारले आणि पुढच्या बाजाराला गेलं. त्या हंगामात बुकिंग करायला उशीर झाला त्यांच्यासाठी ते जहाज नव्हतंच.

'परदेशी जहाज' या शब्दाचाही घोळ आहे. कंपनी इथली, प्रवासी इथले, जेवणात जैन ताट, संध्याकाळी गरबा, आणि मागच्या दांडीवर झेंडा परका. झेंडा म्हणजे नोंदणी कुठली एवढंच. मालक कोण ते झेंडा सांगत नाही. प्रवाशाला याचा स्पर्श होतो तो कागदपत्रांत : त्याच जहाजानं मुंबई-गोवा-मुंबई केलं तर आधार कार्ड चालतं, चेन्नईहून श्रीलंकेला गेलं तर पासपोर्ट लागतो. २०१६-१७मध्ये एक युरोपीय जहाज मुंबईत चढवून मालदीवला उतरवायचं. विमानानं परत यावं लागायचं आणि तिकिटाच्या तुलनेत ते विमानभाडं हमखास विसरलं जायचं. दोन रात्रींच्या 'हाय सी' फेरीत तर दुसरं बंदरच नसतं. समुद्रात जाऊन मुंबईलाच परत. स्वस्त असते, पण तिला मार्ग म्हणणं जरा जास्तच. तिथे तुम्ही फक्त जहाज विकत घेता, मग निदान जहाज तरी नीट बघून घ्यावं.

या सगळ्यात 'आंग्रिया'चा अपवाद नोंदवायला हवा. ऑक्टोबर २०१८मध्ये सुरू झालेलं, मूळ जपानी बांधणीचं, १०४ खोल्यांचं छोटं जहाज. ते मोठी क्रूझ जहाजं लागतात त्या बॅलार्ड पियरहून नव्हे, भाऊच्या धक्क्याहून सुटायचं. डॉर्मिटरीपासून स्वीटपर्यंत सगळं होतं, म्हणजे खालचा डेक, वरचा डेक, केबिन याच जुन्या उतरंडीची नवी आवृत्ती. दुपारी चारच्या सुमारास निघायचं, सकाळी गोव्यात. नेण्याचं काम करणारं ते एकच होतं, बाकीची रमवण्याचं करतात. कोविडच्या टाळेबंदीनं ते थांबलं आणि पुन्हा ती फेरी सुरू झाली नाही. बॅलार्ड पियरला सप्टेंबर २०२५मध्ये उद्घाटन झालेलं भलंमोठं टर्मिनल अशा जहाजासाठी बांधलेलं नाही.

टनाबद्दल थोडक्यात. वर्तमानपत्रात '४८ हजार टन वजनाचं जहाज' छापून येतं, ते चूक. ग्रॉस टनेज हे वजन नसून जहाजाच्या बंदिस्त पोकळीचं माप आहे, १९६९च्या आंतरराष्ट्रीय करारानं ठरवलेलं. म्हणूनच ते तुलनेला उपयोगी पडतं : या आकड्याला खोलीत दोघे धरून होणाऱ्या प्रवासीसंख्येनं भागलं की माणशी किती ऐसपैस ते कळतं. 'एम्प्रेस'चे ४८ हजार आणि सुमारे सोळाशे प्रवासी, म्हणजे तीस. 'सेरेना'चे १ लाख १४ हजार आणि तीन हजार, म्हणजे अडतीस. बिचाऱ्या 'कर्णिका'चं उत्तर चव्वेचाळीसच्या आसपास येत होतं. फक्त हा भागाकार खोलीत दोघे धरतो. दिवाळीच्या सुटीत आपण वरचे बर्थ उघडून मुलांसकट चौघे घुसतो, मग तिसाचा आकडा कुठल्या कुठे जातो आणि नाश्त्याच्या रांगेत ते दिसतं.

खोलीचे दर माणशी आणि दोघे धरून लावलेले असतात. एकट्यानं गेलं तर जवळजवळ दोघांचे पैसे पडतात. कर आणि सेवाशुल्क वेगळं. 'गॅरंटी' घेतली तर थोडं स्वस्त पडतं, पण नंबर कंपनी ठरवते, आणि तो डिस्कोच्या बरोबर खाली निघू शकतो. म्हणून डेकचा नकाशा उघडून आपल्या खोलीच्या वर-खाली काय आहे ते पाहावं. खिडकीसमोर जीवरक्षक होडी टांगलेली असेल तर तसं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आतल्या खोलीत दिवा मालवला की सकाळचे सात आणि रात्रीचे दोन सारखेच. झोपाळूंना ते आवडतं, आजीआजोबांना नाही. बोट लागणाऱ्यांनी मधली, खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी. आता तिथे तेलाचा वास येत नाही.

लक्षद्वीपचा फेरा निवडणाऱ्यांसाठी एक शेवटचं. अगत्तीला जहाज धक्क्याला लागत नाही. ते बाहेर नांगर टाकतं आणि माणसं लहान बोटींतून बेटावर जातात. देवगडला पडावातून उतरायचे तसंच, फक्त अंगात लाइफ जॅकेट. समुद्र खवळलेला असला की कप्तान उतरणं रद्द करतो, जहाज पुढे निघतं, आणि बेटाऐवजी सबंध दिवस डेकवरच काढावा लागतो. तिकिटाच्या अटींत हे लिहिलेलं असतं, पैसे परत न मिळण्याच्या कलमाच्या अगदी वर.