'ङान् तिङ् तिङ्' की 'ङान् कम् कम्'?

टक लावून पाहण्याला कँटोनीजमध्ये (हाँगकाँगच्या चिनी बोलीत) हे दोन शब्द आहेत आणि नवशिके हटकून अदलाबदल करतात. 'ङान्' म्हणजे डोळा. पुढे एकच अक्षर दोनदा.

'तिङ्' म्हणजे स्थिर. ङान् तिङ् तिङ् ही निव्वळ डोळ्यांची अवस्था: पापणी लवत नाही, नजर खिळलेली. समोर काही असायलाच हवं असं नाही. वाईट बातमी ऐकून सुन्न बसलेला माणूसही तिङ् तिङ्च.

ङान् कम् कम्‌ला मात्र लक्ष्य लागतं आणि हावही लागते. हाँगकाँगच्या बेकरीबाहेर काचेला नाक लावून एखादं पोर गरम 'तान् थात्'कडे (अंड्याच्या टार्टकडे) बघतंय, ते कम् कम्. आपला 'आशाळभूत' याच्या अगदी शेजारचा. पण पुरुष बाईकडे पाहत असेल, तर हाच शब्द 'वखवखलेली नजर' होतो, म्हणजे सरळ आरोप. तुमचं ताट न्याहाळणाऱ्या पाहुण्याबद्दल तो वापरताना जपून. हे 'कम्' कुणी 'गोड'च्या अक्षराने लिहितं, कुणी 'सोनं'च्या. दोन्ही उच्चारापुरती उसनी घेतलेली, त्यांत अर्थ शोधू नये.

खरी गंमत वाक्यात येते: 'ङान् कम् कम् कम् मोङ् च्यू', म्हणजे हावरेपणाने बघत राहणं. कँटोनीजमध्ये सुरावरून शब्द बदलतो. पहिले दोन 'कम्' उंच आणि सपाट (सूर १). तिसरा वेगळाच शब्द, आपल्या 'असं'सारखा. त्याचा सूर खालून वर चढतो (सूर २). तिन्ही सपाट काढले की ऐकणारा गोंधळतो. बोलताना तो तिसरा पुष्कळदा गाळतात, तेही चालतं. 'खूप' या अर्थाचा 'होउ' मात्र यांच्यापुढे लावू नका. दुहेरी अक्षरात जोर आधीच आहे.

कँटोनीज रोमन अक्षरांत लिहिण्याच्या १९९३च्या 'ज्युतपिंग' पद्धतीतले जी आणि डी पाहून 'गम', 'डिंग' म्हणू नका. ते क आणि त आहेत. के आणि टी म्हणजे ख आणि थ. क-ख वेगळे ऐकायची सवय असल्याने मराठी कानाला हे सोपं जातं. अडतो तो सुरुवातीचा ङ. 'रंग' म्हणताना ग येण्याआधी थांबा, तो नाकातला आवाज धरून थेट 'आन्'वर जा. हाँगकाँगमध्ये बरेच जण ङ गाळून नुसतं 'आन्' म्हणतात. जाणकार त्याला 'आळशी उच्चार' म्हणून नाक मुरडतात, पण समजतं सगळ्यांना.

आणि रात्रभर टक्क जागं असणं? त्याला यातला एकही चालत नाही; तिथे 'ङान् क्वोङ् क्वोङ्'.