किलिमांजारोचं विमान तिकीट काढण्याआधी

ट्रेकचं बुकिंग झालं की लोक स्वस्त तिकीट शोधतात, आणि चार दिवसांनी आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर त्याची पीडीएफ येते: मुंबई ते नैरोबी. दर सीझनला हेच. म्हणून इथे लिहून ठेवतो, किलिमांजारो केनियात नाही. अख्खा डोंगर टांझानियात आहे.

गैरसमज का होतो ते कळतं. पुढे हत्ती आणि मागे बर्फाचा माथा, हा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो, आणि तो बहुतेक वेळा केनियातल्या अंबोसेलीतून काढलेला असतो. डोंगर तिथून दिसतो छान, पण चढायचा सरहद्दीच्या अलीकडून, टांझानियातूनच. नकाशा उघडून बघा. व्हिक्टोरिया सरोवराकडून समुद्राकडे सरळ येणारी सरहद्द नेमकी डोंगरापाशी वळसा घेते. 1886 मध्ये इंग्रज-जर्मनांनी वाटणी केली, तेव्हा डोंगर जर्मनांकडे गेला. (राणी व्हिक्टोरियाने तो नातवाला, म्हणजे जर्मनीच्या कैसर विल्हेल्मला, वाढदिवसाला दिला, हे कुणी सांगितलं तर ऐकून घ्या, खरं नाही.) माउंट केनिया हा वेगळा डोंगर, 5199 मीटरचा.

आता नैरोबीला उतरलात तर काय होतं? केनियाची ऑनलाइन परवानगी वेगळी, टांझानियाचा व्हिसा वेगळा. ‘ईस्ट आफ्रिका टुरिस्ट व्हिसा’ घेऊन काही जण निश्चिंत असतात. तो केनिया, युगांडा आणि रवांडाला चालतो, टांझानियाला नाही. पुढे सरहद्दीवरच्या नमांगाच्या नाक्यावर पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड मागतात, आणि ते लस टोचल्यावर दहा दिवसांनी ग्राह्य धरतात. निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. त्यातून पार पडलात तरी अरुशामार्गे डोंगराच्या पायथ्याच्या मोशीला पोहोचेपर्यंत दिवस संपतो. चढाईआधी विश्रांतीला ठेवलेला दिवस तो हाच.

तेव्हा तिकिटावर ‘जेआरओ’ हीच अक्षरं हवीत. हा किलिमांजारो विमानतळाचा कोड; विमानतळ मोशी आणि अरुशाच्या मध्ये आहे. आमची गाडी तिथेच येते, नैरोबीला पाठवत नाही. यावर नाराजी होते, पण एका जणासाठी सगळ्या ग्रुपचा पहिला दिवस खोळंबून ठेवणं आम्हाला पटत नाही.

“प्रोग्रॅममध्ये किबो लिहिलंय, आम्हाला तर उहुरू करायचंय,” असे फोनही येतात. डोंगराचे ज्वालामुखी तीन: शिरा, मावेन्झी, किबो. पहिले दोन मृत, किबो निद्रिस्त; त्याच्या विवरात गंधकाचा वास अजून येतो. किबोच्या विवराच्या काठावरची सर्वांत उंच जागा म्हणजे उहुरू, 5895 मीटर. जर्मन काळात तिला कैसर विल्हेल्मचं नाव होतं. 1961 मध्ये देश स्वतंत्र झाला, तेव्हा उहुरू झालं, म्हणजे स्वातंत्र्य. आमच्या लेमोशो वाटेने काठावर पोहोचता ते स्टेला पॉइंटला, 5756 मीटरवर. तिथूनच मागे फिरलात तर सर्टिफिकेटवर स्टेलाच येतं, ते आम्ही बदलून देऊ शकत नाही.

पाच दिवसांत चढवून आणणारे मिळतील, स्वस्तही पडतील. आम्ही आठ दिवस घेतो, कारण विरळ हवेला शरीर सरावायला वेळ लागतो. कळसूबाई पळत चढणाऱ्यालाही.

तिकिटाचे पैसे भरण्याआधी स्क्रीनशॉट पाठवा, आम्ही बघून देतो. त्याचे पैसे नाहीत. ट्रेकनंतर प्राणी बघायचे असतील तर अरुशाहून न्गोरोंगोरो सोयीचं, त्याचं कोटेशन वेगळं मागा.